गुरुजींची शाळा

शिक्षकाच्या धंद्यांत एक विलक्षण एकांत आहे. वकील आपली विद्या प्रतिपक्षाच्या वकिलासमोर चालवितो. शस्त्रवैद्याच्या शेजारीं भूल देणारा दुसरा वैद्य उभा असतो. गवयाच्या बैठकींत पुढल्याच रांगेंत दुसरे दोन गवई मान हलवीत, अथवा मुद्दाम न हलवितां, बसलेले असतात. शिक्षक मात्र जें कांहीं करतो तें अशा मंडळीपुढें करतो कीं, ज्यांना त्याची चूक ओळखतां येत नाहीं, आणि ओळखतां आली तरी बोलून दाखवितां येत नाहीं. वर्गाचें दार लोटलें कीं आंत तो राजा! परंतु खरें सांगणारा मनुष्य राजाला जसा मिळत नाहीं, तसा तो शिक्षकालाही मिळत नाहीं. आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें कोंकणांतल्या प्राथमिक शाळांतून मुलांना शिकवीत आहों. एवढ्या काळांत आमच्या वर्गांत कितीतरी अधिकारी येऊन गेले. त्यांनीं हजेरीपट पाहिला, पाठांचें टांचण पाहिलें, पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेतला, आणि भिंतीवरच्या तक्त्यांचें कौतुक करून चहा घेतला. आम्ही हातच्याची वजाबाकी कशी शिकवितों हें पाहण्यासाठीं त्यांतले कोणी अर्धा तास मागें बसून राहिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

हा एकांत आम्हांस पुष्कळ वर्षें सुखाचाच वाटला, हें कबूल केलें पाहिजे. आपली चूक कोणी पाहत नाहीं यांत मोठी सोय आहे. तथापि प्रत्येक शिक्षकाच्या आयुष्यांत अशा कांहीं संध्याकाळी येतात कीं, त्या दिवशीं तो वर्गांतून हरून परतलेला असतो. मुलांना कळलें नाहीं एवढें त्याला दिसतें. कां कळलें नाहीं तें दिसत नाहीं. अशा वेळीं विचारावें कोणाला? मुख्याध्यापकांना विचारावें, तर द्विशिक्षकी शाळेंत मुख्याध्यापक आम्हीच. शाळेंतल्या दुसऱ्या बाई पहिलीच्या पोरांत बुडालेल्या. केंद्रप्रमुखांना विचारावें, तर तो प्रश्न आमच्या गोपनीय अहवालांत जाऊन बसेल ही धास्ती. आणि घरीं विषय काढावा, तर "अहो, मग इतकीं वर्षें शिकवलंत तरी काय?" हा सवाल ताटाबरोबर वाढलेलाच! तेव्हां बहुतेक शिक्षक जें करतात तेंच आम्हीही करीत आलों. दोष मुलाच्या डोक्यावर ठेवावा आणि पुढला पाठ घ्यावा.

शिक्षकानेंही शिकत राहिलें पाहिजे ही कल्पना कांहीं आजची नव्हे. गेल्याच्या मागल्या शतकांत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं, व त्यांच्या मागून विष्णुशास्त्र्यांनीं, 'शालापत्रक' चालविलें तें मराठी शाळांतल्या पंतोजींना डोळ्यांपुढें ठेवून. पुढें गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं 'शिक्षणपत्रिके'च्या द्वारें बालशिक्षणाचा विचार कितीतरी खेड्यांपर्यंत पोंचविला. परंतु मासिक झालें तरी तें सर्वांशीं एकदम बोलतें. आमच्याच वर्गांतल्या एका विवक्षित पाटीवर काय चुकलें आहे, हें त्याला कोठून ठाऊक असणार?

त्यानंतर सरकारी प्रशिक्षणांचा जमाना आला. या प्रशिक्षणांची रचना अशी कीं, राज्याच्या ठिकाणीं कांहीं तज्ज्ञ शिकतात. ते जिल्ह्याच्या लोकांना शिकवितात. जिल्ह्याचे तालुक्याच्यांना, आणि तालुक्याचे आम्हांला. घरांत पाहुणे वाढत गेले म्हणजे ताकांत जसें पाणी वाढत जातें, तसाच कांहींसा हा प्रकार. आमच्या पेल्यांत येईपर्यंत त्याचा रंग तेवढा पांढरा राहिलेला असे. तालुक्याच्या सभागृहांत शंभर शिक्षक बसत. सुलभक म्हणून आलेला आमच्यासारखाच एक शिक्षक हातांतली पुस्तिका वाचून दाखवी. दुपारीं जेवण होई. आणि पांचव्या दिवशीं एक पिशवी, एक लेखणी व एक प्रमाणपत्र घेऊन आम्ही घरीं येत असूं. त्या सुलभकाला आम्ही दोष देत नाहीं. एकदां आम्हीही सुलभक झालों होतों, आणि आम्हींही पुस्तिकाच वाचली. दोष होता तो मापाचा. शंभर माणसांना एकाच मापाचा अंगरखा शिवणाऱ्या शिंप्याला आपण दारांत उभें करणार नाहीं. परंतु शंभर शिक्षकांना एकाच मापाचें ज्ञान देण्याची ही रीत वर्षानुवर्षें चालली. आमच्या अंगाला तो अंगरखा कोठें सैल व्हावयाचा, कोठें दाटावयाचा. पण 'कोठें दाटतें?' असें विचारण्याची तेथें वहिवाटच नव्हती.

आमच्या हातीं चांगला मोबाईल आला तो चिरंजीवांच्या हौसेनें. २०१६ सालीं व्हॉट्सॲपच्या एका ग्रूपांत २५६ माणसें बसूं लागलीं, आणि शिक्षकांचे ग्रूप पावसाळ्यांतल्या अळंब्यांप्रमाणें जिकडे तिकडे उगवले. एका जुन्या सोबत्यानें, आम्हांस न विचारतां, अशाच एका ग्रूपांत आम्हांला ओढलें. त्यांत रत्नागिरीपासून गडचिरोलीपर्यंतचे शिक्षक होते. आमच्या बाजूचे एक अधिकारीही होते. पहिल्या सहा महिन्यांत तेथें जें पाहिलें त्यानें आमचें मत फारसें अनुकूल झालें नाहीं. पहांटे पांचापासून गुलाबाचीं फुलें, सूर्योदय आणि सुविचार. दुपारीं कोठल्या तरी कचेरीचा 'माहिती तात्काळ सादर करावी' असा आदेश. सायंकाळीं कोणाचा वाढदिवस, कोणाची सेवानिवृत्ति. आणि रात्रीं, ज्यांचा उगम कोणालाच ठाऊक नाहीं अशा बातम्या. शाळेविषयीं जें येई तें बहुधा छायाचित्र असे. सजविलेली भिंत, एका रांगेंत उभीं केलेलीं मुलें, आणि मध्यें हंसणारे गुरुजी.

त्या छायाचित्रांच्या मोहांतून आम्हीही सुटलों नाहीं. २०१५ च्या सुमारास सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटांतल्या शाळांचा फार बोलबाला झाला होता. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या प्रेरणेनें तेथल्या शिक्षकांनीं ज्ञानरचनावादाच्या तत्त्वावर वर्ग चालविले होते, आणि ते पाहण्यास राज्यांतून शिक्षकांच्या गाड्या लोटत होत्या. आम्हांस जाणें जमलें नाहीं. पण फरशीवर रंगविलेल्या संख्यारेषा, अक्षरांचे चौकोन, मुलांनीं मांडलेले खडे यांचीं चित्रें मोबाईलवर फिरत फिरत आमच्यापर्यंत आलीं. आम्हीं दिवाळीच्या सुटींत पदरचे पैसे घालून वर्गाची फरशी रंगविली, चित्र काढून ग्रूपांत टाकलें, आणि वर आलेले अंगठे मोजीत दोन दिवस काढले. मुलें त्या संख्यारेषेवरून उड्या मारीत बाहेर खेळावयास जात. रंग आम्हीं उचलला होता; ज्या विचारासाठीं तो लावावयाचा, तो विचार चित्रांत आला नव्हता. पुढल्या पावसांत दारांतले अंक पुसले गेले, तेव्हां कोणाचेंच कांहीं अडलें नाहीं.

वाचकहो, येथवर आमचें आणि त्या यंत्राचें नातें हें असें होतें. तें बदललें तें एका मुलीमुळें. तिचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं.

ही गोष्ट २०१८ सालच्या दिवाळीनंतरची. मुलगी दुसरींत होती. वाचनांत चांगली, कविता तोंडपाठ, बोलण्यांत चलाख. पण अंकलेखनांत दर वेळीं चुके. आम्हीं 'एकोणतीस' म्हणावें आणि तिनें ३९ लिहावेत. 'एकोणपन्नास' म्हणावें आणि तिनें ५९ लिहावेत. आम्हीं पहिल्यानें समजावलें, मग दहा दहा वेळां लिहावयास लावलें, मग रागावलों. "लक्ष कोठें असतें तुझें?" हा प्रश्न तिला किती वेळां विचारला असेल त्याची मोजदाद नाहीं. ती कधींच उत्तर देत नसे. हळूहळू ती फळ्यापाशीं येईनाशी झाली. मग गणिताच्या तासाला पोट दुखूं लागलें. आणि जूनमध्यें पहिल्या रांगेंत बसणारी मुलगी डिसेंबरांत खिडकीखालच्या कोपऱ्यांत जाऊन बसली.

तिचा बाप घाटावरून चिऱ्याच्या खाणीवर मजुरीला आलेला. एके दिवशीं तो कामावरून परततांना शाळेच्या पायरीशीं येऊन उभा राहिला, अंगावरची तांबडी धूळ झटकली, आणि म्हणाला, "गुरुजी, पोरीच्या डोक्यांत न्हाई शिरत, तर ऱ्हाऊं द्या. घरीं धाकटा हाय, त्येला तरी सांभाळंल."

तो रागानें बोलत नव्हता. आमच्यावर विश्वास ठेवून बोलत होता, आणि तेंच आम्हांस झोंबलें. पोरीला येत नाहीं हें त्याला कोणी सांगितलें? आम्हींच. प्रगतिपुस्तकांत आमच्याच हातानें तसा शेरा लिहिला होता. गुरुजींनीं शेरा दिल्यावर त्या माणसानें दुसरें काय समजावें?

त्या रात्रीं जेवण झाल्यावर आम्ही मोबाईल घेऊन पडवींत बसलों. प्रथम लिहिलें, 'आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांना अशी अडचण आहे कीं—' तें पुसलें. मग लिहिलें, 'अशा मुलांसाठीं मान्यवरांनीं मार्गदर्शन करावें.' तेंही पुसलें. कारण 'अशा मुलांसाठीं' म्हणतांच दोष पुन्हा मुलीच्या डोक्यावर बसत होता. शेवटीं लिहिलें: 'दुसरीच्या एका मुलीला एकोणतीस, एकोणचाळीस हे अंक लिहितां येत नाहींत. सहा महिने शिकवीत आहें. मला जमलेलें नाहीं. काय करूं?' नोकरीला एकोणीस वर्षें झालेल्या माणसानें अडीचशें लोकांपुढें, त्यांतल्या एका अधिकाऱ्यासमक्ष, 'मला जमलेलें नाहीं' असें लिहिणें सोपें नाहीं. आमचें बोट त्या बाणाच्या खुणेवर बराच वेळ थबकलें होतें.

उत्तरें भराभर आलीं. एकानें हात जोडल्याचें चित्र धाडलें. दुसऱ्यानें 'उजळणी पाठ करून घ्या' असा सल्ला दिला. तिसऱ्यानें दहा मिनिटांचें एक चलच्चित्र पाठविलें. चौथ्यानें, आपल्या शाळेंत हा प्रश्न मुळीं उद्भवतच नाहीं असें कळवून, सोबत त्या शाळेचें छायाचित्र जोडलें. आम्ही मोबाईल ठेवून देण्याच्या विचारांत होतों. इतक्यांत, अकराच्या सुमारास, चंद्रपूरकडच्या एका शिक्षिकेचे दोन शब्द आले. बाई वयानें आमच्या मुलीएवढ्या असाव्यात. त्यांनीं लिहिलें होतें, 'गुरुजी, तिनें लिहिलेलें पान पाठवाल का? चुकलेले अंक आणि बरोबर आलेले, दोन्ही पाहिजेत.'

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुलीला जवळ बसवून चाळीस अंक सांगितले, आणि नांव झांकून त्या पानाचें चित्र धाडलें. रात्रीं उत्तर आलें: 'गुरुजी, मुलीचें लक्ष ठिकाणावर आहे. तिची चूक नियमानें होते आहे. एकोणीस बरोबर आहे, कारण त्या शब्दांत वीस ऐकूं येत नाहीं. एकोणतीसांत तीस ऐकूं येतें, म्हणून ती तीन लिहिते, आणि पुढें नऊ. शेवटच्या ओळी पाहा. एकोणनव्वदलाही ९९, आणि नव्याण्णवलाही ९९. एकोण म्हणजे काय, हें तिला कोणी सांगितलें आहे का?'

आम्हीं तें पान दिव्याखालीं धरून पुन्हा पाहिलें. सहा महिने ज्या अंकांवर आम्ही तांबडी फुली मारीत होतों, ते अंक एका रांगेंत, एका शिस्तीनें उभे होते. ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९. कोठें अपवाद नाहीं. आळशी, बेसावध मूल इतक्या नियमितपणें चुकत नाहीं. तिनें आमचें बोलणें अगदीं लक्ष देऊन ऐकलें होतें, आणि जें ऐकलें तेंच लिहिलें होतें. एकोन म्हणजे एकानें ऊन, एक उणा, हें आम्हांस संस्कृतच्या पहिल्या पुस्तकापासून ठाऊक; परंतु एकोणीस वर्षांत एकाही वर्गाला तें सांगण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. बाकीचीं मुलें पाठ करून निभावून गेलीं. हिनें अर्थ लावण्याचा प्रयत्न केला, म्हणून हिला शिक्षा झाली.

सकाळीं शाळेच्या खराट्याचे हीर सोडवून आम्हीं त्यांचे सारखे तुकडे केले, आणि दहा दहांच्या जुड्या बांधल्या. तीन जुड्या तिच्यापुढें ठेवल्या, त्यांतला एक हीर काढून खिशांत घातला, आणि विचारलें, "आतां किती?" तिनें मोजलें. म्हणाली, "तिसाला एक कमी." "त्याचेंच नांव एकोणतीस." ती कांहीं वेळ त्या सुटलेल्या जुडीकडे पाहत राहिली. मग विचारलें, "पण गुरुजी, तीस नाहींतच, तर नांवांत तीस कशाला घालायचं?" या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर आमच्याजवळ आजही नाहीं. सर्व अंक सुरळीत यावयास पुढें तीन आठवडे लागले. पण त्या दिवशीं घंटा झाल्यावर ती जागेवर परत गेली ती कोपऱ्यांत नव्हे.

या प्रकरणाचा विचार करतां आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. त्या रात्रीं आम्हांस सुमारें तीस उत्तरें मिळालीं होतीं; उपयोगी पडला तो एक प्रश्न. इतरांनीं आम्हांला कांहीं तरी दिलें. चंद्रपूरच्या बाईंनीं प्रथम आमच्याकडून मागून घेतलें. आमचा अंगरखा कोठें दाटतो, हें विचारणारें आम्हांस आयुष्यांत पहिल्यानें भेटलें, आणि तें चारशें कोसांवर! जगांतलें सर्व ज्ञान हातांतल्या यंत्रांत आलें आहे, असें म्हणतात. तें खरेंही असेल. पण शिक्षकाला ज्ञानाचा तुटवडा त्या मानानें थोडा. त्याला उणीव असते ती, आपलें अपयश जिच्यापुढें उघडें करतां येईल आणि जी तें जवळ घेऊन पाहील, अशा एखाद्या समव्यवसायी व्यक्तीची.

पुढल्याच वर्षीं, २०१९ च्या जूनमध्यें, बालभारतीचें दुसरीचें गणिताचें नवें पुस्तक आलें, आणि त्यांत एकवीस, बावीस यांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असेंही संख्यावाचन दिलेलें आढळलें. महाराष्ट्रांत केवढा गहजब झाला, तो वाचकांस आठवत असेलच. विधिमंडळांत त्यावर थट्टा झाली. आणि मोबाईलवर तर विनोदांचा पूर लोटला. गणित समितीच्या अध्यक्षा, आतां दिवंगत झालेल्या मंगला नारळीकर, या स्वतः गणिताच्या विदुषी. जुनी रीत काढून टाकलेली नाहीं, मुलांना संख्येचा बोध सुलभ व्हावा म्हणून दुसरी रीत जोडीला दिली आहे, असें त्या परोपरीनें सांगत होत्या. पण पुरांत कोणाचा आवाज ऐकूं येतो? मौज अशी कीं, ज्या यंत्रावर ही थट्टा चालली होती, त्याच यंत्रावर, आमच्या ग्रूपांत, त्याच दिवसांत आम्हीं अत्यंत गंभीर चर्चा वाचली. कोणी लिहीत होतें, आमच्याकडे 'पंचवीस' ऐकून मुलें ५२ लिहितात, कारण पांच आधीं ऐकूं येतात. कोणी म्हणे, पुस्तकांत कांहींही शिकवा, बाजारांत वाणी 'पंचवीस'च म्हणणार, मग मुलाचे हाल दुप्पट. दोन्ही बाजूंस वजन होतें, आणि त्या वादाचा निकाल लावण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस जाणवला तो फरक निराळा. एकीकडे बोलणारांच्या डोळ्यांपुढें पुस्तकाचें एक पान होतें. दुसरीकडे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें आपल्या वर्गांतलें एखादें मूल होतें.

आतां, या साधनाचे गुण गाऊन लेख संपविला असता तर बरें झालें असतें. पण मग आमच्या हातून घडलेली दुसरी गोष्ट लपविल्यासारखी होईल. चंद्रपूरच्या बाईंमुळें आम्हांस हुरूप आला, आणि आम्हीही इतरांच्या प्रश्नांस उत्तरें देऊं लागलों. मराठवाड्यांतल्या एका नवख्या शिक्षकानें एकदां लिहिलें कीं, पहिलींतला एक मुलगा सांगितलेलें काम कधींच लागलीच करीत नाहीं. इतरांनीं सुरुवात केली म्हणजे त्यांच्याकडे पाहून मग करतो. आम्हीं अनुभवाच्या तोऱ्यांत तत्काळ कळविलें, 'आळस आहे. जरा धाक ठेवा.' तीन महिन्यांनीं त्या शिक्षकाचा निरोप आला. शाळेंतल्या आरोग्यतपासणींत असें निघालें कीं, त्या मुलाला एका कानानें मुळींच ऐकूं येत नाहीं, आणि दुसऱ्यानें फार थोडें. त्यानें आम्हांला दोष दिला नाहीं. उलट, वेळ काढून उत्तर दिल्याबद्दल आभार मानले होते. बहिऱ्या मुलाला तीन महिने धाक दाखविला गेला, तो आमच्या चार शब्दांमुळें. बाईंनीं आम्हांला विचारलें होतें, 'पान पाठवाल का?' आम्हांला विचारावयाचें होतें, 'मूल कोणाच्या तोंडाकडे पाहतें?' तें आम्हीं विचारलें नाहीं. दूरच्या माणसाला मूल दिसत नसतें. तेव्हां त्यानें उत्तर देण्यापूर्वीं दहादां विचारलें पाहिजे. पण या यंत्राला घाई फार प्रिय, आणि आम्हांला मोठेपणा.

२०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या, आणि जें कांहीं शिकावयाचें शिकवावयाचें तें सर्व या यंत्रांतून वाहूं लागलें. केंद्र सरकारचें 'दीक्षा' हें व्यासपीठ २०१७ पासून होतेंच; 'निष्ठा' नांवाचें शिक्षकप्रशिक्षण २०१९ मध्यें सुरू झालें होतें, तें आतां त्याच्यावरून घरोघर आलें. त्यांतले कांहीं पाठ खरोखर चांगले होते. परंतु पाठ चालू ठेवून भाजी निवडणारे, आणि शेवटचें प्रमाणपत्र तेवढें उतरवून घेणारे शिक्षकही आम्हांस ठाऊक आहेत. एकदोनदां आम्हीही त्यांत होतों. पिशवी आणि लेखणी गेली. एक माप सर्वांना हें राहिलेंच. त्याच वर्षीं आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत, प्रत्येक शिक्षकाला स्वतःच्या आवडीनुसार व्यावसायिक विकास साधण्यास वर्षाला निदान ५० तास मिळावेत असें म्हटलें आहे. 'स्वतःच्या आवडीनुसार' हे शब्द फार मोलाचे. पण तास मोजतां येतात आणि आवड मोजतां येत नाहीं, म्हणून कचेरींतून विचारणा होते ती तासांचीच. त्याच डिसेंबरांत सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रांनीं पुस्तकांतल्या क्यूआर कोडांचें वर्णन भरभरून केलें. आम्हांस त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट: पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतल्या इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. शिक्षकाजवळ असलेलें दुसऱ्या शिक्षकाकडे जावें, हीच तर या साऱ्या खटाटोपाची कल्पना.

पुढें मोठा ग्रूप वाढतच गेला. २०२२ मध्यें एका ग्रूपांत १०२४ माणसें मावूं लागलीं, आणि प्रश्न विचारणारीं तितकींच कमी झालीं; हजार माणसांपुढें 'मला जमत नाहीं' असें कोण म्हणणार? तेव्हां आम्हीं अकरा जणांनीं मिळून एक लहानसा ग्रूप केला. चंद्रपूरच्या बाई त्यांत आहेत. तो मराठवाड्यांतला शिक्षकही आहे. नियम चार: स्वतःला न सुटलेलाच प्रश्न आणावा, उत्तर देण्यापूर्वीं निदान एक प्रश्न विचारावा, मुलांचे चेहरे व नांवें टाकूं नयेत, आणि सुप्रभात म्हणूं नये. या शेवटच्या नियमापायीं दोघे रुसून गेले, त्यांच्या जागीं दुसरे आले. कधीं आठवडेच्या आठवडे तेथें कोणी बोलत नाहीं. ज्या विषयांत आम्ही सारेच अडाणी, तेथें अकराही जणांचें अज्ञान एकत्र होतें एवढेंच. तरी महिन्यांतून एकदां दुसऱ्यांदां कोणी तरी रात्रीं एखाद्या वहीचें पान टाकतो, खालीं 'मला जमलेलें नाहीं' असें लिहितो, आणि दहा घरांतून दहा माणसें त्या पानावर ओणवीं होतात.

ती मुलगी आतां हायस्कुलांत जाते. रोज सकाळीं आमच्या शाळेवरून तिची वाट आहे. दिसली म्हणजे हात जोडते. बाप त्याच खाणीवर आहे. मध्यें एकदां बाजारांत भेटला, तेव्हां म्हणाला, "गुरुजी, पोरगी उशिरा का हुईना, पण सुधारली. तुमचे उपकार." आम्हीं हंसून मान हलविली.

हा लेख लिहितांना तें हंसणें आम्हांस आठवलें, आणि लेखणी थांबली. अडीचशें अनोळखी माणसांपुढें जें आम्हीं एका रात्रींत कबूल केलें, आणि आज या मासिकाच्या वाचकांपुढें कबूल करीत आहों, तें त्या बापाला आम्हीं सांगितलेलें नाहीं. पोरगी सुधारली नाहीं. सुधारले ते गुरुजी. तिच्या तर मनांत अजून हेंच असेल कीं, दुसरींत आपलें लक्ष नव्हतें. हीर मोजले, जुड्या बांधल्या, अंक बरोबर आले. पण 'चूक माझी होती' हें एक वाक्य तिला कोणी ऐकविलें नाहीं. उद्यां सकाळीं ती शाळेवरून जाईल तेव्हां तिला हांक मारावी, असा आमचा विचार आहे. काय बोलावें तें मात्र अजून जुळलेलें नाहीं. आणि हा प्रश्न त्या अकरा जणांना विचारण्यासारखा नाहीं.